त्रिकोण घरून करून आणावा

गुरुवारी रात्री अकराच्या पुढे दत्तमंदिर रस्त्यावरून चालत निघालं की वाकडच्या सोसायट्यांतल्या निम्म्या खिडक्यांत दिवे दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, हिंजवडीचे आयटीवाले अमेरिकेशी बोलत बसलेत. काही बसलेले असतातही. पण उरलेल्या घरांत त्या वेळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आई, बाप आणि हाताशी असलेच तर आजोबा कागदाचा त्रिकोण कापत असतात. ज्याच्या शिक्षणासाठी हा त्रिकोण चाललेला असतो ते साडेचार वर्षांचं मूल नऊ वाजताच झोपलेलं असतं.

याचं मूळ दुपारी पालकांच्या ग्रुपवर आलेल्या निरोपात असतं. ‘डिअर पेरेंट्स, उद्या शेप्स डे. मुलांनी घरून कागदाचा एक आकार करून आणावा. कृपया पालकांनी मदत करू नये.’ यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकीचा निरोप पालक काटेकोर पाळतात. खाली आधी अंगठे उगवतात, मग शंका. कागद घोटीव की कार्डशीट? साइज काय? टूडी की थ्रीडी, हे प्लीज क्लिअर करा. शेवटी एखादी आई धीर करून विचारते, ‘बाकीचे काय करणार आहेत?’ खरा प्रश्न हाच असतो. त्याचं उत्तर कोणी देत नाही. एरवी सोसायटीत टँकर कधी येणार हे सांगायला पन्नास जण पुढे येतात.

घोटीव कागद आणायला पूर्वी गावात जावं लागे आणि दुकानदार ‘लाल संपलाय, जांभळा चालेल का’ म्हणत असे. आता दहा मिनिटांत ॲपवाला दारात कागद आणून देतो. रात्री साडेदहाला लिफ्टमध्ये डिलिव्हरीची तीन-चार पोरं एकदम भेटतात आणि सगळ्यांच्या पिशवीतून रंगीत कागदाची सुरळी डोकावत असते. त्यातल्या एकानं मला विचारलं, ‘काका, उद्या कुठला सण आहे?’

माझी सगळी नोकरी भोसरीला टूलरूममध्ये गेली. पत्रा कापायच्या डाय बनवल्या. निवृत्त होऊन वाकडला मुलाकडे आलो, आणि नातीच्या बालवाडीमुळे पुन्हा ब्लँकिंगवर बसलो.

आमच्या या पट्ट्याची अडचण अशी की इथला माणूस सकाळी एक तर हिंजवडीला जातो, नाहीतर चाकणला, आणि संध्याकाळी दोन्हीकडची शिस्त घरी घेऊन येतो. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहेत. त्यांनी मुलाच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू व्हर्नियर लावून मोजल्या. एक बाजू अर्धा मिलिमीटर कमी भरली. त्यांनी तो त्रिकोण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला आणि म्हणाले, ‘रिजेक्ट.’ त्यांच्या बायकोनं विचारलं, ‘रीवर्क होणार नाही का?’ इतक्या वर्षांच्या संसारात तीही क्वालिटीतलीच झाली आहे.

शेजारचे हिंजवडीला असतात. त्यांनी कागदाला हातच लावला नाही. आधी लॅपटॉपवर त्रिकोण काढला, कडेला तुटक रेघ दिली, रेघेवर कात्रीचं चित्र टाकलं आणि प्रिंट काढली. फाइलचं नाव ‘ट्रँगल फायनल’. त्यानंतर ‘ट्रँगल फायनल नवा’. मी झोपायला गेलो तेव्हा ‘ट्रँगल फायनल नवा आईनं पास केलेला’ प्रिंटरमधून बाहेर येत होता.

वर्तुळ मात्र अजून बायकांच्या ताब्यात आहे. पुरुष कंपास शोधत फिरतात, तोवर घरातली बाई कागदावर वाटी पालथी घालून मोकळी होते. लहान हवं तर बांगडी, मोठं हवं तर डब्याचं झाकण. प्रश्न एवढाच उरतो की वाटीनं काढलेल्या वर्तुळाचा मध्य कुठे असतो. ते पुढे येईलच.

शुक्रवारी सकाळी वर्गात मिस एकेकाला जवळ घेऊन आकाराचं नाव विचारतात आणि मग सहज विचारतात, ‘हे कोणी केलं?’ या वयाची माणसं खोटं बोलत नाहीत. ‘पप्पांनी. मी झोपले होते.’ ‘मम्मानं. पप्पांचं फाटलं.’ ‘आजोबांनी केलं, मग मम्मा त्यांना म्हणाली, तुम्ही राहू द्या.’ मिस सगळ्यांना स्टार देतात. स्टारही कागदाचाच, पाच टोकांचा, आणि तो मात्र बाजारातून आयता आणलेला.

मुलाला यात काय मिळतं? फेव्हिकॉल मिळतो. नातीकडे पाहून मी हे खात्रीनं सांगतो. आम्ही मोठी माणसं संध्याकाळपासून त्रिकोणाच्या मागे असताना ती शांतपणे डावा तळवा पुढे धरते, त्यावर फेव्हिकॉलचा ठिपका घेते, उजव्या बोटानं तो पसरते आणि फुंकर घालत बसते. पांढरा थर पारदर्शक होत जातो. मग कडेला नखानं उचकटून ती तो सावकाश सोलते. अख्खा निघाला की त्यावर तिच्या तळव्याच्या रेषा उमटलेल्या असतात. तो ती उजेडात धरून पाहते, सगळ्यांना दाखवते आणि आजीच्या हातावर ठेवते. एवढं लक्ष तिनं त्रिकोणाकडे दिलं असतं तर आमच्या घरी कोणाला जागावं लागलं नसतं.

एका शनिवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी तिच्यापुढे एक कोरा ए-फोर कागद ठेवला आणि कात्री उचलून कपाटावर टाकली. ए-फोर हा २१० बाय २९७ मिलिमीटरचा आयत. त्याचा चौरस करायला फुटपट्टी लागत नाही. वरचा एक कोपरा उचलायचा, कागद तिरका दुमडत आणायचा आणि आखूड कड लांब कडेवर बरोब्बर झोपवायची. खाली ८७ मिलिमीटरची पट्टी उघडी राहते, ती दुमडून फाडून टाकायची. मोठ्या माणसाला हे अर्ध्या मिनिटाचं काम. तिला पंधरा मिनिटं लागली. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. दुसरं धरलं की पहिलं. जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. घडी दाबताना कागद सरकला आणि कड कडेच्या बाहेर बोटभर गेली. तिनं ते पाहिलं, घडी उलगडली आणि पुन्हा सुरुवात केली. मी काही बोललो नव्हतो. कड कडेवर आली नाही, हे कागदच तिला दाखवत होता. माझ्या टूलरूममध्ये एवढी समज पोरांना यायला दोन वर्षं लागायची आणि तोवर अर्धा टन पत्रा भंगारात गेलेला असायचा.

चौरस उलगडला तेव्हा मधली तिरकी घडी दिसत होती. तिनं तिच्यावरून बोट फिरवलं. ‘आजोबा, यात दोन त्रिकोण आहेत.’ मग खालून वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘पाठीमागं पण दोन.’ यावर कोणत्याही गणितज्ञाला हरकत घेता येणार नाही.

मग मी तो चौरस टेबलावर थोडा फिरवून कोपऱ्यावर उभा केल्यासारखा ठेवला आणि विचारलं, ‘हा काय आहे?’ ‘पतंग.’ सरळ केला. ‘आता?’ ‘चौरस.’ पुन्हा तिरका. ‘पतंग. आजोबा, तुम्हाला कळत नाही का?’ कळत नव्हतं असं नाही. पिएर आणि दीना व्हान हिले या डच शिक्षक नवरा-बायकोनं १९५७ मध्ये नेमकं हेच मांडलं. लहान मूल आकार ओळखतं ते त्याच्या एकूण रूपावरून. बाजू किती, कोन केवढे, हा हिशेब फार पुढचा. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात त्रिकोण कायम बूड टेकून बसलेला असतो, त्यामुळे उलटा त्रिकोण पाहिला की मूल त्याला त्रिकोण मानायला तयार होत नाही. उलट्या त्रिकोणाची पाटी आपल्याकडे रस्त्यावर असते. ‘दुसऱ्याला आधी जाऊ द्या’ असा तिचा अर्थ. भूमकर चौकातून रोज शाळेच्या बसनं जाणाऱ्या पोराला तो आकार अनोळखी का वाटतो, हे वेगळं सांगायला नको.

कागद हाताचा असला की हा घोळ आपोआप सुटतो, कारण कागद फिरतो. तक्ता फिरत नाही. स्क्रीन फिरवली तर तीच पुन्हा चित्र सरळ करते.

वर्तुळाच्या मध्याचा प्रश्न आमच्याकडे स्वयंपाकघरात सुटला. वाटीनं काढलेलं कागदी वर्तुळ हातात घेऊन नात आजीपाशी उभी होती. आजी घडीची पोळी लाटत होती. गोल लाटायचा, तेल लावून अर्धा दुमडायचा, पुन्हा तेल लावून पाव करायचा. नातीनं कागदाचं तसंच केलं, तेल तेवढं वगळून. तेही लावायला ती निघाली होती. उलगडलं तर दोन घड्या एकमेकींना छेदत होत्या आणि छेदल्या तिथे मध्य. प्रत्येक घडी म्हणजे व्यास. माझ्या मुलाला हे सातवीत कंपासपेटीसकट शिकवलं होतं आणि त्यानं कंपासनं बाकावर स्वतःचं नाव कोरलं होतं.

हे सगळं नवीन आहे असा समज बालवाडीच्या माहितीपत्रकांवरून होतो. ‘हँड्स-ऑन’, ‘ॲक्टिव्हिटी-बेस्ड’ आणि फीचा आकडा. पण फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थानं १८३७ मध्येच बालशाळा सुरू केली. त्याआधी तो बर्लिनला स्फटिकांच्या संग्रहावर काम करत होता. स्फटिकांचे पैलू पाहता पाहता त्याला मुलांच्या हातात चेंडू, घन, नळकांडं द्यावंसं वाटलं आणि पुढे घडीकामाचे कागद. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारनं या बालशाळांवर बंदी घातली, कारण त्यांत म्हणे नास्तिक आणि समाजवादी विचार शिकवले जात होते. तसं लिहिणारा होता त्याचा पुतण्या. सरकारनं काका-पुतण्यात गल्लत केली. महाराष्ट्रात अशी गल्लत कोणी करणार नाही, आपल्याला काका-पुतण्यांची भरपूर सवय आहे. बंदी उठायला १८६० उजाडलं, तोवर फ्रोबेल वारलाही होता.

त्याच्या त्या कागदाच्या संचातून एक फार मजेदार गोष्ट आपल्याकडे घडली. मद्रास इलाख्यात महसूल खात्यातले एक अधिकारी होते, टी. सुंदरराव. त्यांनी बालवाडीतल्या पोरांसाठी असलेलं घडीकाम पाहिलं आणि त्यावरून १८९३ मध्ये मोठ्यांसाठी भूमितीचं अख्खं पुस्तक लिहिलं. चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन, षटकोन, सगळं नुसत्या घड्या घालून. जर्मनीतला फेलिक्स क्लाइनसारखा गणिती त्याचा उल्लेख करतो आणि १९०१ मध्ये अमेरिकेत त्याची आवृत्ती निघते. महसूल खात्यात कागद दुमडून ठेवण्याची परंपरा जुनीच आहे. त्यातून भूमिती काढणारा हा एकच.

आपल्या ताराबाई मोडकांनी वेगळाच मुद्दा धरला. मॉन्टेसरीची साधनं म्हणजे गुळगुळीत लाकडी त्रिकोण, वर धरायला मूठ, बसवायला खाचा. सुंदर आणि महाग. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी गावात, रानात जे मिळेल ते साधन म्हणून वापरलं. खडे, बिया, पानं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. आज शेप्स डेसाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी आली की मला वाटतं, ही यादी ताराबाईंना दाखवावी. ‘पिंपळाचं एक पान’ एवढंच लिहून त्यांनी ती परत पाठवली असती.

पण आमच्या पट्ट्याचा खरा माणूस पिंपरीतूनच निघून गेला. अरविंद गुप्ता १९७५ मध्ये आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन टाटांच्या ट्रक बनवणाऱ्या टेल्कोत लागले. वाकडमध्ये आजही आयआयटी आणि टाटा हे दोन शब्द एका बायोडाटात आले तर स्थळ दुसऱ्या दिवशी ठरतं. या गृहस्थांनी १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढली आणि होशंगाबादला खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवायच्या कार्यक्रमात जाऊन बसले. पुढे ट्रक सोडून दिले ते कायमचेच. त्यांनी काय केलं? सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी घेतली, तिचे तुकडे केले आणि त्यांत आगपेटीच्या काड्या खोचल्या. तीन काड्यांचा त्रिकोण झाला, चार काड्यांचा चौरस. चौरस चिमटीत दाबला की लगेच कलतो, तिरका होतो. त्रिकोण कितीही दाबा, काडी मोडेल पण आकार हलणार नाही. कागदातही हेच दिसतं. पोस्टकार्डाच्या चार पट्ट्या टोकांना टाचणीनं जोडा, डुगडुगतात. कर्णावर पाचवी पट्टी टाका, बसल्या जागी थांबतात. अशी शेकडो खेळणी करून आणि हजारो पुस्तकं मोफत वाटून २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मधली बरीच वर्षं ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांमध्ये बसून वर्तमानपत्राच्या टोप्या करत होते. त्याच पुण्यात अनिल अवचट ओरिगामीत बुडाले होते आणि त्यांनी त्यावर मुलांसाठी पुस्तकही लिहिलं. एकानं इंजिनिअरिंग सोडलेलं, दुसऱ्यानं डॉक्टरकी. कागदात काहीतरी असलं पाहिजे. आमच्या सोसायटीत हे मी सांगितलं तेव्हा दोन-तीन आयांनी पोरांच्या हातातले कागद हळूच काढून घेतले.

काड्या-पट्ट्यांचं हेच करून पाहताना त्रिकोण हलत नाही हे नातीला कळलं आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीतून ती ओरडली, ‘आजोबा, त्रिकोण!’ वाकडच्या आकाशात पक्ष्यांपेक्षा क्रेन जास्त. त्या क्रेनचा लांब हात पाहा, सगळा त्रिकोणांनी विणलेला. चौकोन वापरला असता तर पहिल्याच ओझ्याला कलला असता. भोसरीच्या शेडच्या छपराखालीही तेच. माझी उमर त्या छपराखाली गेली आणि वर पाहायला फुरसत मिळाली ती निवृत्तीनंतर, गॅलरीत, फेव्हिकॉलनं चिकट झालेल्या एका हातात हात अडकलेला असताना.

एवढ्यावर सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला सुगावा लागला. ‘काका, रविवारी क्लबहाउसमध्ये पेपर क्राफ्ट वर्कशॉप घ्या. तुम्हाला टूलरूमचा अनुभव आहे.’ मुलांनी खाली सतरंजीवर बसायचं आणि पालकांनी मागच्या खुर्च्यांवर, हात मांडीखाली ठेवून, अशी मी अट घातली. मांडीखाली हात ही अट विनोद म्हणून घेतली गेली, पण पहिल्या पाच मिनिटांतच तिची गरज सगळ्यांना पटली.

चौरस झाले, घड्या झाल्या. शेवटी मी एक चौरस वर धरला. ‘याला कोपरे किती?’ ‘चार.’ ‘यातला एक कात्रीनं कापला. उरले किती?’

मागच्या खुर्च्यांवरून एका सुरात ‘तीन’ आलं. त्यात हिंजवडीचे दोन आर्किटेक्ट होते, सॉफ्टवेअरचे, पण आर्किटेक्टच. मुलं गप्प होती, कारण त्यांना वजाबाकी अजून नीट येत नव्हती. म्हणून त्यांनी कात्री मागितली. नातीनं कोपरा कापला आणि बोट ठेवत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं. पाचच. खुर्च्यांवर शांतता पसरली. एक कोपरा गेला आणि कापाच्या दोन टोकांना दोन नवे आले.

क्वालिटीवाले मात्र हरणारे नव्हते. ‘काका, कट कुठून घ्यायचा ते ड्रॉइंगवर दिलेलं नाही.’ मुद्दा रास्त होता. तेवढ्यात एका पोरानं वाकडातिकडा न कापता बरोब्बर कर्णाच्या घडीवरून कात्री चालवली होती, त्याचे खरंच तीन उरले. दुसऱ्या एकीची कात्री एका कोपऱ्यातून निघून समोरच्या बाजूच्या मध्यावर पोचली होती, तिच्या हातात चार होते. तीन, चार, पाच, तिन्ही उत्तरं सतरंजीवर हजर आणि तिन्ही बरोबर. पालकांपैकी एकानं परीक्षेत यातलं कुठलं लिहायचं, असं विचारलं.

मागच्या रांगेत फ्लॅट दाखवण्याचा धंदा करणारे आमचे एक शेजारी बसले होते. वास्तुशास्त्र त्यांचं पाठ आहे. ते उठून पुढे आले, नातीच्या हातातला कापलेला चौरस घेतला, स्वतः मोजला आणि मला बाजूला नेऊन म्हणाले, ‘काका, ईशान्येचा कोपरा कट असला की माझं गिऱ्हाईक पळतं. आणि तुम्ही म्हणता, कट केला की कोपरा वाढतो?’

‘म्हणत नाही. तुम्हीच मोजलात.’

त्यांनी दाराकडे नजर टाकली. ‘मग हे बाहेर कुठे बोलू नका. बिल्डरच्या कानावर गेलं ना, तर कॉर्नर फ्लॅट म्हणून स्क्वेअर फुटाला वर शंभर लावेल.’